आमंत्रण नोटिशीसारखं का वाटतं? मंडळाच्या छपाईसाठी देवनागरी फॉण्ट निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरच्या एका मराठी मंडळाला गणेशोत्सवाची पत्रिका, स्मरणिका, फ्लेक्स आणि स्मरणिकेत दिवंगत सभासदांसाठी श्रद्धांजलीचं एक पान छापायचं आहे. डीटीपीवाले सगळं एकाच फॉण्टमध्ये लावून देतात आणि मग आमंत्रणसुद्धा नोटिशीसारखं वाटतं. फॉण्टचे प्रकार ओळखायचे कसे आणि कुठे काय वापरायचं?

सुरुवात एका नकाराने करतो. ‘सेरिफ घेऊ की सॅन्स-सेरिफ?’ हे देवनागरीला विचारू नका. ते वर्गीकरण रोमन अक्षरांचं आहे: रेघांच्या टोकांना छोटे आडवे पाय असले तर सेरिफ, नसले तर सॅन्स-सेरिफ. अशा प्रकारांची एक प्रसिद्ध विभागणी मॅक्सिमिलियन व्हॉक्स या फ्रेंच गृहस्थांनी १९५४ मध्ये मांडली, आंतरराष्ट्रीय टाइपोग्राफी संघटनेने १९६२ मध्ये स्वीकारली आणि २०२१ मध्ये त्यावरची आपली मान्यता काढूनही घेतली. त्यात रोमन सोडून जगभरच्या लिप्यांना मिळून एकच खण होता. आपल्या अक्षराला रोमनसारखे पायाचे खिळे नसतात, वर शिरोरेघ असते. ‘नोटो सेरिफ देवनागरी’ अशा नावातला ‘सेरिफ’ एवढंच सांगतो की हा फॉण्ट सेरिफवाल्या रोमन अक्षरांच्या शेजारी शोभेल. मराठी वाचणाऱ्याला त्या नावातून काही कळत नाही.

त्याऐवजी अक्षर मोठं करून, साधारण १०० पॉइंटला, चार जागा पाहा.

पहिली जागा म्हणजे रेघेची जाडी. एकाच अक्षरात ती कमी-जास्त होते का? होत असेल तर त्यामागे बोरू, म्हणजे तिरकं टोक छाटलेली जुनी लेखणी आहे. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट कलाने छाटलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे जाड आणि बारीक रेघा रोमनच्या उलट जागी पडतात. काही स्वस्त फॉण्टांत रोमनचा जाडी-कल तसाच देवनागरीवर लादलेला असतो. वाचणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण मजकूर परका वाटतो. अ, क आणि स ही तीन अक्षरं मोठी करून कुठल्याही जुन्या छापील पोथीशेजारी ठेवली की हा दोष लगेच उघडा पडतो.

दुसरी जागा टोकांची. कान्याचा खालचा शेवट तिरका छाटलेला आहे, सपाट आहे की गोल? तिरका शेवट लेखणीची आठवण ठेवतो, सपाट शेवट पट्टीची, आणि गोल शेवट लाडात येतो. तिसरी जागा पोकळीची. ब, व, म, भ यांच्या पोटात किती हवा आहे? पोट मोकळं असेल तर वाक्य सावकाश आणि निवांत बोलतं, आवळलेलं असेल तर घाईत आणि वरच्या आवाजात. चौथी जागा जोडाक्षरांची. द्ध, ठ्ठ, द्घ ही एकाखाली एक रचली आहेत की पाय मोडून एकापुढे एक? उभी रचना जुनी, पाठांतराची, धार्मिक छपाईतली वाटते. आडवी किंवा पाय मोडलेली रचना शाळेची आणि सरकारी पत्रकाची.

या चार खुणांवरून कामापुरती घराणी पडतात.

बोरूच्या वळणाचं पारंपरिक घराणं सगळ्यात मोठं. त्याची छापील चाल मुंबईच्या निर्णयसागरने घडवली. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये हा छापखाना काढला आणि संस्कृत-मराठी ग्रंथांची इतकी सुबक छपाई केली की पुढच्या पिढ्यांना ‘पुस्तकातलं अक्षर’ म्हटल्यावर तेच वळण डोळ्यांपुढे येऊ लागलं. आज या चालीचं, सहज मिळणारं अक्षर हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हाही मजकुराच्या कामाचा आहे. या घराण्यातलं वाक्य आदराने बोलतं. त्याला घाई नसते.

दुसरं घराणं समान जाडीच्या रेघांचं: मुक्ता, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी, पॉपिन्स. यात एक उपभेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुक्ता आणि हिंदमध्ये रेघ एकसारखी असली तरी हाताची लकब शिल्लक आहे. पॉपिन्स मात्र वर्तुळ आणि सरळ रेघेतून घडवलेला. त्याच्या पातळ वजनात (वजन म्हणजे रेघेचा जाडपणा) ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ लिहिलं तर ते खासगी बँकेच्या पत्रासारखं सभ्य आणि थंड लागतं. मुक्तामध्ये तेच वाक्य एखाद्या नीटनेटक्या कार्यकर्त्याने सांगितल्यासारखं लागतं.

तिसरं अरुंद घराणं: टेको, खंड. क्रिकेटचे आकडे आणि ताज्या बातम्यांच्या पट्ट्या या चालीत असतात, त्यामुळे यात काहीही लिहा, ते ओरडूनच बोलतं. ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ हे टेकोच्या जाड वजनात लावलं की ‘कृपया’ असून नसल्यासारखा होतो. चौथं गोलमटोल: बलू, मोदक. मोदकमध्ये पोकळ्या जवळजवळ बुजवलेल्याच आहेत, तीच त्याची गंमत. मुलांच्या स्पर्धेला उत्तम, पण १८ पॉइंटच्या खाली अजिबात नको. पाचवं टोकाच्या जाड-बारीक फरकाचं, रोझा वनसारखं. मथळ्यात ते भारदस्त दिसतं, पण मजकुरात बारीक रेघा हरवतात. उरलेली सगळी सोंगं आहेत: कलम हस्ताक्षराचं, यात्रा वन मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांचं, जैनी कल्पसूत्राच्या हस्तलिखितांचं. सोंग एका पानावर एकच असावं, तेही चार-पाच शब्दांपुरतं.

मंगलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुमची ‘नोटीस’ बहुधा तिथूनच आली आहे. र. कृ. जोशींनी रेखाटलेला हा फॉण्ट विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचला. त्याचं काम संगणकाच्या पडद्यावर, मेन्यूंमध्ये, लहान आकारात वाचता येण्याचं होतं आणि ते त्याने चोख केलं. पण मग प्रत्येक कार्यालयीन आदेश, अर्ज आणि निविदा त्यातच निघाली. आता मंगलमध्ये ‘सस्नेह निमंत्रण’ वाचताना डोळा नकळत खाली जावक क्रमांक शोधतो. फॉण्टचा सूर असाच बनतो. अर्धा अक्षराच्या आकारातून येतो आणि अर्धा आपण तो आधी कुठे पाहिला त्यातून. आकार डिझायनरच्या हातात असतो. आठवण मात्र गावाची असते, त्यामुळे इंदूरच्या वाचकाला पुण्याचे ठोकताळे जसेच्या तसे लागू करू नयेत.

इंदूरचा मुख्य प्रश्न याच्याही पुढचा आहे: ल आणि श.

मराठी छपाईत ल पाकळीचा आणि श देठाचा. हिंदी छपाईत ल उजवीकडे उभ्या दांडीचा, आणि श चं वळणही निराळं. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. तो निर्णय इंदूरच्या मंडळावर बंधनकारक नाही, पण मराठी पुस्तकावर वाढलेल्या डोळ्याची सवय काय आहे ते त्यातून कळतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. कोणतं रूप उमटेल हे दोन गोष्टींवर ठरतं: फॉण्टचं मूळ रूप कोणतं आणि मजकुराला भाषेची खूण कोणती लावली आहे. नोटो सॅन्स देवनागरीत मजकुराची भाषा मराठी ठेवली की मराठी रूपं येतात, हिंदी ठेवली किंवा काहीच ठेवली नाही तर हिंदी रूपं. इथल्या दुकानांत सगळं हिंदी खुणेवरच चालतं, त्यामुळे शुद्धलेखनात एकही चूक नसलेलं मराठी पान हिंदीच्या आवाजात बोलू लागतं. ज्येष्ठ सभासद म्हणतात, ‘काहीतरी आपलं वाटत नाही.’ ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय सोपा आहे. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून अक्षरांच्या पट्टीतल्या भाषेच्या यादीत मराठी निवडा. वर्डमध्ये प्रूफिंगची भाषा मराठी करा. ऑपरेटरकडचं सॉफ्टवेअर भाषेची खूण पाळतच नसेल, तर ज्याची मूळ रूपंच मराठी आहेत असा फॉण्ट घ्या. टिरो या फॉण्ट घडवणाऱ्या कंपनीने हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी तीन स्वतंत्र फॉण्ट काढलेत ते यासाठीच. डाउनलोड करताना नावातला ‘मराठी’ शब्द पाहूनच घ्या, कारण दुकानात हिंदीवाला आधीच असण्याची शक्यता जास्त.

याच्या उलट बाजूही आहे. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या) गर्दीत लागणारा, सगळ्या शहराने वाचायचा हिंदी फ्लेक्स असेल तर त्यात हिंदी रूपंच ठेवा. मराठी वळण तिथे आग्रह दाखवल्यासारखं दिसतं. एकाच फ्लेक्सवर दोन्ही भाषा असतील तर मराठी ओळींना मराठी खूण आणि हिंदी ओळींना हिंदी. फॉण्ट दोन्हीला एकच चालतो.

फॉण्ट ठरवण्याआधी ऑपरेटरकडून ही एक ओळ ४८ पॉइंटला काढून घ्या:

लोकशाही अहिल्या होळकर विठ्ठल श्रद्धांजली उद्घाटन दुसऱ्या सूर्य ॲड. ५८९

यात काय पाहायचं? ‘अहिल्या’मधला अर्धा ल आणि ‘लोकशाही’मधला पूर्ण ल एकाच वळणाचे हवेत. पूर्ण ल पाकळीचा आणि अर्धा दांडी तोडलेला, अशी सरमिसळ असेल तर तो फॉण्ट मराठीसाठी नीट तपासलेला नाही. अहिल्योत्सवाच्या मजकुरात हा शब्द पानोपानी येणार. ‘होळकर’मधला ळ बाकीच्या अक्षरांइतकाच जाड आणि रुंद आहे ना? हिंदीपुरत्या केलेल्या कामात ळ कडे दुर्लक्ष झालेलं असतं. ‘दुसऱ्या’मध्ये चंद्रकोरीसारखा र हवा. तिथे य वर रफार दिसला तर ऑपरेटरने साधा र टाइप केला आहे. खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, असा क्रम द्यायला सांगा. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या फॉण्टांत तिथे रिकामा चौकोन येतो आणि मग ऑपरेटर अ वर चंद्र चिकटवून वेळ मारून नेतो. ५, ८ आणि ९ यांचीही हिंदी-मराठी वळणं वेगळी असतात. दूरध्वनी क्रमांकात ती डोळ्यांत भरतात.

आता छापायच्या एकेका गोष्टीकडे वळू.

पत्रिका. ५ बाय ७ इंचांच्या कार्डावर दोन, फार तर तीन फॉण्ट वापरा. मथळा रोझा वन किंवा टिरोमध्ये २६ ते ३० पॉइंट, मजकूर टिरोमध्ये १३ पॉइंट, आणि वेळ-स्थळाची चौकट मुक्ताच्या मध्यम वजनात १२ पॉइंट. टिरोत जाड वजन नाही. साधं आणि तिरपं, एवढंच आहे. तेव्हा ऑपरेटर बटण दाबून खोटं जाड करील, ते करू देऊ नका. खोट्या जाडीत अक्षराच्या सगळ्या बाजूंना सारखा थर चढतो, त्यामुळे क्ष, श्र, ण यांच्या गाठी बुजतात आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. जोर द्यायचाच असेल तर आकार दोन पॉइंट वाढवा किंवा रंग बदला.

सोनेरी फॉइल हवं असेल तर पाव मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवू नका, ती तुटक उठते. म्हणजे रोझा वन फॉइलमध्ये लहान आकारात चालणार नाही. मरून पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर तो मरून चार शाईंतून बनतो, आणि प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक रेघांत रंग घुसतो. तिथे मुक्ताचं मध्यम वजन, ११ पॉइंटच्या खाली नाही.

स्मरणिका. इथे सगळ्यात जास्त बिघडतं ते ओळींमधलं अंतर. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, उभी जोडाक्षरं. रोमनच्या सवयीने १२ पॉइंटच्या अक्षराला १४ पॉइंटची ओळ दिली तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला शिवतो आणि सगळं पान चिडलेलं दिसतं. ए-५ पानावर १२ पॉइंटला १८ ची ओळ द्या. ज्येष्ठ वाचक जास्त असतील तर १४ ला २१. एका ओळीत आठ ते दहा शब्द बसतील इतकीच रुंदी. लेखात इंग्रजी नावं येत असतील तर रोमन अक्षरं एक ते दीड पॉइंट लहान करा, कारण त्याच आकड्याला ती देवनागरीपेक्षा मोठी दिसतात.

ओळींच्या दोन्ही बाजू समान करताना अक्षरांमधलं अंतर शून्यावरच बांधून ठेवा, फक्त शब्दांमधलं अंतर कमी-जास्त होऊ द्या. अक्षरांमध्ये जागा सुटली की शिरोरेघ तुटते. रोमन मथळ्यात अक्षरं विरळ केली की ऐट येते, ती हौस देवनागरीत परवडत नाही. विरळपणाच हवा असेल तर दोन शब्दांत आणि ओळीच्या वर-खाली कोरी जागा सोडा.

जाहिरातींची पानं जाहिरातदारांच्या मर्जीची, त्यांत फारसं डोकं घालू नका.

श्रद्धांजलीचं पान. यात फॉण्टपेक्षा काय टाळायचं ते महत्त्वाचं. गोल टोकं नकोत, अरुंद जाड अक्षर नको, हस्ताक्षराचं सोंग नको. काळ्या पट्टीवर पांढरं जाड नाव ही वर्तमानपत्राची रीत आहे. तिथे शेजारच्या जाहिरातींतून डोळा ओढायचा असतो, स्मरणिकेत ती गरज नसते. नाव टिरोमध्ये २० पॉइंट, तारखा १२, मजकूर १३, ओळ २० पॉइंटची, आणि पानाचा निदान तिसरा हिस्सा कोरा. मथळ्यातल्या ‘श्रद्धांजली’त द्ध उभा रचलेला दिसला पाहिजे. तो पाय मोडून द् आणि ध असा सुटा आला तर फॉण्टमध्ये ते जोडाक्षर नाही किंवा सॉफ्टवेअर ते जुळवत नाही. अशा शब्दात ती तूट फार बोचते.

फ्लेक्स. अंतराचा ठोकताळा असा: दर दहा फुटांना एक इंच अक्षराची उंची, शिरोरेघेपासून पायापर्यंत मोजून. चाळीस फुटांवरून वाचायचं तर चार इंच किमान. १० बाय ४ फुटांच्या फ्लेक्सवर मुख्य ओळ सात-आठ इंच, बाकी चार, आणि ओळी एकूण पाचच्या वर नकोत. इथे बलू किंवा मुक्ताचं जाड वजन चांगलं काम करतं. लांब नाव बसत नाही म्हणून ऑपरेटर अक्षरं आडवी दाबून ८० टक्के करतो. त्याने उभ्या रेघा पातळ होतात, शिरोरेघ मात्र आहे तेवढीच जाड राहते आणि ओळ डोक्यावर ओझं घेतल्यासारखी दिसते. दाबण्यापेक्षा मुळात अरुंद घडवलेला खंड घ्या, किंवा नाव दोन ओळींत तोडा. अक्षराभोवती पांढरी किनार, मग लाल किनार, मग सावली हा इथला आवडता थाट. एक किनार पुरे, तीही अक्षराच्या मागच्या बाजूला. पुढून दिलेली किनार पोकळी खाते.

शेवटी दुकानातल्या अडचणी. मध्य प्रदेशात टायपिंग बहुतेक कृतिदेव या फॉण्टमध्ये, टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीने शिकलेलं असतं, आणि तो युनिकोड फॉण्ट नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो, पण ऱ्हस्व वेलांटी, रफार, चंद्रकोरीचा र आणि ॲ या चार ठिकाणी बदल फसतो. बदलल्यावर प्रूफ पुन्हा संपूर्ण वाचा, नुसतं चाळू नका.

युनिकोड मजकूर फोटोशॉपमध्ये टाकल्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली आणि जोडाक्षरं हलन्तांसह सुटी दिसली तर फॉण्टला दोष देऊ नका. २०२२ च्या आधीच्या आवृत्तीत टाइपच्या प्राधान्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडायचं राहिलेलं असतं. त्याहून जुन्या आवृत्तीत त्याच जागी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं लिहिलेलं असतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. कोरलड्रॉची फार जुनी आवृत्ती असेल तर युनिकोडचा नाद सोडा आणि मजकूर दुसरीकडे लावून पीडीएफ करून आणा.

छापखान्याला फाइल देताना दोन प्रती द्या. एकीत अक्षरांचे कर्व्हज केलेले, म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर केलेलं, मग फॉण्ट नसला तरी रूप बदलणार नाही. दुसरी बदल करता येण्याजोगी, सोबत फॉण्टच्या फाइली. वर सांगितलेले टिरो, मुक्ता, बलू, रोझा वन आणि खंड गूगल फॉण्ट्सवर खुल्या परवान्याने मोफत मिळतात, त्यामुळे त्या फाइली सोबत देण्यात अडचण नाही. आणि कर्व्हज करण्याआधी मजकुराची भाषा मराठी आहे ना, ते एकदा पाहा. कर्व्हज झाल्यावर हिंदी ल चा मराठी ल करायचा तर पुन्हा बदलत्या फाइलीपासून सुरुवात करावी लागते.